हाताला गार लागलं म्हणून

४ डिसेंबर

आली एकदाची दुलई! आणि ती एवढीशी. टेबलावर घातली तर टेबलाच्या कडा उघड्या पडतील.

ठकू आता कठड्याच्या पाळण्यातून खऱ्या पलंगावर आली, म्हणून नातीला पहिलीवहिली स्वतःची दुलई. सूनबाईने दुकानात नुसता छळ मांडला. एक दुलई नाकातोंडाशी धरून श्वास घेऊन बघितली. दुसरी चुरगळून आत गाठी होतात का ते चाचपलं. तिसरीला बंद आणि बटणं होती म्हणून परत. मोठ्या मापाची तर हातातसुद्धा घेईना — जास्तीचं कापड तोंडावर येतं म्हणे. दुकानातली मुलगी गुणाची. न कंटाळता एकेक घडी उलगडून दाखवत होती. फक्त दुलईला दुलई म्हणत नव्हती, ड्युवे म्हणत होती. दुलई म्हटलं की बहुतेक भाव कमी येतो.

मी म्हटलं, या रुमालात पोर गारठेल. तर सूनबाई हळूच म्हणाली, "आई, हलकीच बरी. तिची तिला लाथेने उडवता आली पाहिजे." दुकानातल्या मुलीनेही मान डोलावली. झालं! माझं तोंड बंद. बाळंतिणींच्या वॉर्डात जन्म गेला माझा. शिकाऊ डॉक्टर म्हणायचे, आधी सिस्टरचा हात, मग थर्मामीटर. आणि आता मी पांघरुणाचे धडे घ्यायचे!

अंघोळीचं पाणी आज पुन्हा तसंच. हात घालून बघावं तर कोमट, अंगावर घ्यावं तर चटका. हा कसला गिझर! चिरंजिवांना सांगितलं. ते म्हणाले, बघतो. म्हणजे बघणार नाहीत.

७ डिसेंबर

दुपारी ठकू झोपली होती. हात लावला — गार! बोटं गार, गाल गार, मानही गार. ती दुलई छातीवर पडलेली, वाळत घातलेल्या फडक्यासारखी. दोघंही ऑफिसात. कुणाला विचारणार? आणि का विचारू?

माझी रजई आणून घातली वरून. निवृत्तीच्या दिवशी वॉर्डातल्या पोरींनी दिलेली, चांगली वजनदार. पोर अगदी गुडुप झोपली. सूनबाई यायच्या आत रजई माझ्या पलंगावर नेऊन घडी घालून ठेवली.

आता लिहिताना वाटतंय, चांगलंच केलं होतं तर घडी घालायची घाई कशाला केली?

८ डिसेंबर

आजही घातली.

११ डिसेंबर

ठकूच्या मानेवर आणि पाठीवर लाल पुरळ. सूनबाईला अंघोळ घालताना दिसलं. तशीच ओल्या पंच्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. "आई, हे काय आहे बघा ना. तुम्हाला कळेल."

मला एका नजरेत कळलं. घामोळं. ऐन थंडीत घामोळं! असली पाठ मी आयुष्यात इतकी पाहिली आहे की झोपेत ओळखेन. आणि ते कशाने आलं तेही कळलं.

तोंडातून निघालं, "नवीन कापडाने होतं असं कधीकधी. त्या दुलईत काहीतरी असेल."

कसं निघालं, कुठून निघालं, माहीत नाही. पण निघालं ते किती सहज! वॉर्डात एखादी पोरगी आपली चूक लपवायला असं बोलली असती, तर तिला मी दिवसभर उभी ठेवली असती.

१२ डिसेंबर

दुलई परत करायला गेलो. मी नको म्हणत होते, गुडघ्याचं निमित्तसुद्धा केलं. सूनबाई म्हणाली, "तुम्ही असलात की ते ऐकतील." गेले.

सूनबाईचा आवाज सहसा चढत नाही. आज चढला. दुकानातली मुलगी पुन्हापुन्हा सांगत होती की हा माल बरेच जण नेतात, कुणाची तक्रार नाही. मालक आतून आले. मग सूनबाई माझ्याकडे वळून म्हणाली, "या इतकी वर्षं सिस्टर होत्या. त्यांनी पाहिलंय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? मान हलवली. बोललेसुद्धा नाही, नुसती हलवली. खोटं बोलायचे कष्टही घेतले नाहीत.

मालक त्या मुलीला सगळ्यांदेखत बोलले. माल नीट तपासून घेता येत नाही का, म्हणाले. तिचे कान लाल झाले होते. तिने दुसरी दुलई बांधून दिली आणि ठकूकडे बघून हसलीसुद्धा. माझ्याकडे नाही बघितलं.

दुसऱ्याच्या माथी खापर फोडणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. आता घरातच एक आहे.

१३ डिसेंबर

ठरवलं होतं — आता रजई नाही म्हणजे नाही. दुपारी ठकूजवळ खुर्ची घेऊन बसले, हात मांडीखाली दाबून. शेवटी राहवलं नाही, मानेला लावून बघितला. भिंतीला लावल्यासारखा गार! डोळ्यांनी बघावं तर पोर गुलाबी दिसते, हाताने बघावं तर गार. आता डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की हातावर? डोळ्यांना चष्मा आहे. हाताने मला कधी फसवलेलं नाही.

रजई आणली. ठकू अर्धवट झोपेत म्हणाली, "आजी, जाडू नको." माझ्या रजईचं नाव जाडू ठेवलंय तिने. मी थोपटलं. म्हटलं, मुलं काय, सगळ्यालाच नको म्हणतात.

नको म्हणाली होती. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला हे विसरायची सोय नको.

१६ डिसेंबर

जसं झालं तसं लिहिते.

सूनबाई आज लवकर आली. दारात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि मी चोरासारखी उठले. ठकूच्या अंगावरून रजई खसकन ओढली — तर ठकू पूर्ण आत! डोक्यावरून घेतलेली, नाक आत, तोंड आत, केस घामाने चिकटलेले. ओढल्यावर तिने मोठा श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही.

आणि मी त्या क्षणी काय केलं? पोरीला उचललं? नाही! रजई माझ्या खोलीत नेऊन टाकली. आधी रजई, मग पोर. परत येऊन तिच्या कपाळाला हात लावला, तर मला गारच लागली.

तेवढ्यात सूनबाई आत आली, ठकूच्या गालाला हात लावला आणि ओरडली. "आई, ही भाजतेय!"

तिने भराभर कपडे सैल केले, ओलं फडकं फिरवलं, पाणी पाजलं. डॉक्टरांकडे नेताना लागेल म्हणून ठकूचा स्वेटर शोधत माझ्या खोलीत गेली. स्वेटर माझ्याच पलंगावर होता, रजईत अडकून आलेला. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती ठकूला उचलून दाराकडे निघाली.

मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. हे एके काळी आमच्याच इस्पितळात शिकाऊ होते, अजून मला बघून उठून उभे राहतात. आजही राहिले. ठकूला तपासलं, पाठ बघितली. घाबरण्यासारखं काही नाही, ऊब जास्त झाली, म्हणाले. मग हसत म्हणाले, "सिस्टर घरात असताना पोरीला घामोळं? हे कसं काय?"

मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. पण सूनबाईच आधी बोलली. "माझंच चुकलं डॉक्टर. मी जाड पांघरूण घातलं. आईंना माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी तिला चांगलं झापलं. तोंडावर पांघरूण गेलं तर काय होतं, हातपाय गार लागले म्हणून गुंडाळायचं नसतं, मानेला हात लावून बघायचं — सगळं सांगितलं. हे सगळं मी प्रत्येक बाळंतिणीला घरी जाताना सांगत आले. शब्दसुद्धा तेच. बहुतेक ते माझ्याकडूनच शिकलेत. ती मान खाली घालून ऐकत होती आणि मी शेजारच्या खुर्चीवर, भिंतीवरच्या चित्रातला हत्ती बघत.

१७ डिसेंबर

चिरंजीव जेवताना बायकोला म्हणाले, "दोन दुलया झाल्या, एक धड निवडता येत नाही तुला?" तिने भात वाढला. मी लोणचं मागितलं. घास घशाखाली उतरला नाही असं लिहिणार होते. कशाला खोटं? उतरला. नेहमीइतकी जेवले.

१८ डिसेंबर

आज सांगितलं. म्हणजे सांगायला गेले.

सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, ती रजई — एवढंच.

ती घडीवरून हात फिरवत म्हणाली, "मला माहीत आहे, आई. परवा तुमच्या पलंगावर ती अजून गरम होती. ओलीपण होती."

म्हणजे डॉक्टरांसमोर बोलली तेव्हा सगळं ठाऊक होतं तिला! मी विचारलं, मग स्वतःवर का घेतलंस? तिने हातातली घडी ठेवून दिली. मग म्हणाली, "ते तुम्हाला बघून उठून उभे राहिले. त्यांच्यासमोर कसं सांगू?" आणि पुढे, "पण माझ्या नवऱ्याला तरी सांगाल असं वाटलं होतं. तुम्ही. मी नाही."

दुलया निवडण्यात मी तिच्या चुका काढल्या. खरं पांघरूण तर तिने माझ्यावर घातलं, आणि ते मी खुशाल कानापर्यंत ओढून घेतलं. रडले. ती जवळ आली नाही. का यावं? चार घड्या झाल्यावर मात्र म्हणाली, "ठकूला काही झालं असतं, तर मी तुम्हाला माफ केलं नसतं." मी म्हटलं, करायचंही नाहीस.

चिरंजीव आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते उठून ठकूजवळ जाऊन बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

२० डिसेंबर

दुकानात गेले. आज गुडघ्याचं नाव काढलं नाही. सूनबाई आणि ठकू सोबत. मालकांना बाहेर बोलवायला सांगितलं, कारण त्या मुलीने त्यांच्याकडूनच बोलणी खाल्ली होती. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटी साक्ष दिली. दुलईत काही खोट नव्हती. पोरीला मी रजईखाली कोंबत होते."

मालक कसंनुसं हसले, असू द्या म्हणाले. मुलगी हसली नाही. म्हणाली, "आजी, तुम्ही सिस्टर होतात ना, म्हणून त्यांनी तुमचं खरं धरलं." एवढंच. तोंडात मारल्यासारखं झालं. ती शांतपणे आत गेली आणि आमची पहिली दुलई घेऊन आली. खराब माल म्हणून बाजूला काढून ठेवली होती बिचारी. तीच परत घेतली.

ठकूला दुकानातच अंगावर घालून दाखवली. तिने एका लाथेत उडवली आणि खदखदून हसली. सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "बघितलंत?" बघितलं.

रजई माळ्यावर टाकली. चिरंजिवांनी गिझर दाखवला, माणूस येऊन गेला. काही बिघाड नाही म्हणाला. हल्लीचे कारागीर! माझ्या ब्लाउजची हुकंही लागत नाहीत धड, बोटांत येतच नाहीत. सगळ्याच वस्तू नासक्या निघायला लागल्या आहेत.

एक मात्र समजत नाही. मी मानेलाच हात लावला होता. जसा शिकवायचे तसाच. मग मला का नाही कळलं?

२२ डिसेंबर

दूध उतू जायला लागलं म्हणून पातेलं तसंच उचलून ओट्यावर ठेवलं. ठकू दारात उभी. म्हणाली, "आजी, बोट लाल." बघितलं तर दोन बोटं भाजलेली, कातडं वर आलेलं. मला काहीच लागलं नव्हतं.

मुद्दाम दुसऱ्या हाताचं बोट पातेल्याला लावलं. आतलं दूध अजून उकळत होतं. बोटाला गार.

म्हणजे ठकू कधी गार पडलीच नव्हती.

सूनबाई आली की सांगणार आहे. या वेळी तिने ओळखायच्या आधी.