शनीला जमीन नाही

मंगळवार, दुपार

प्रिय सुदेश,

तू दार लावून घेतलंस त्याला आज सहा दिवस झाले. पहिल्या दिवशी मी दार वाजवलं तेव्हा तू एवढंच म्हणालास, आप्पा, प्लीज, आवाज नको. म्हणून आवाज करत नाही, लिहितो आहे. सातवी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, त्यात चुका असणार. तू मास्तर आहेस, लाल पेनाने खुणा करून दाराखालून परत सरकव. मला बरंच वाटेल.

संचिताची वही माझ्या मांडीवर आहे. तिला शाळेत वायूच्या मोठ्या ग्रहांवर प्रकल्प करायचाय. परवा तिने मला विचारलं, आजोबा, गुरूवर माणसं जाऊ शकतील का? मी सवयीने म्हणालो, बाबाला विचार, आणि म्हणता म्हणता जीभ चावली. ती तुझ्या दाराकडे बघत राहिली. मग वही माझ्याकडे देऊन विठ्ठलवाडीला मावशीकडे गेली. तिच्या आईनेच, नीरजाने, पाठवलं तिला, पोरीने हे बघायला नको म्हणून. वहीत दोन पानं तुझ्या अक्षरातली आहेत. ती मी इतक्यांदा वाचली की कडा मऊ पडल्या.

तू लिहिलंयस की गुरू आणि शनी यांना जमीनच नाही. वरून ढग दिसतात, ढगांखाली आणखी ढग, मग वायू दाट होत जातो, दाट होता होता पातळ रसासारखा होतो, आणि हे कुठे झालं ते सांगता येत नाही. माणूस उतरायला गेला तर उतरतच राहील. दाब वाढेल, उष्णता वाढेल, पण पायाला काही लागणार नाही. अरे, आपल्याकडे पडलेला माणूस निदान कुठेतरी आपटतो. आपटला की लोक धावतात. तिथे आपटणंही नाही. हे वाचलं आणि मला कळलं की गेले चार महिने तुझं काय चाललं असेल. मग वाटलं, नाही, मला काय कळणार, मी पुन्हा उगाच काहीतरी धरून बसतोय.

शनीचं हे तू मला आधीही सांगितलेलंस. तुझी साडेसाती लागली म्हणून मी दर शनिवारी तेल वाहायला जायचो. तू हसून म्हणालास, आप्पा, शनीला जमीनच नाही, तुमचं तेल पडतं कुठे? तुझी आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, पडत नाही म्हणून तर दर आठवड्याला नवीन नेतात. तुम्ही दोघं हसलात. मी रागावलो आणि पुढच्या शनिवारी दुप्पट तेल नेलं. या शनिवारीही नेलं. तुझी आई नाही आता हसायला, आणि तू आत आहेस.

एक गोष्ट मला फार छळते. तू लिहिलंयस, एकोणीसशे पंच्याण्णव साली गुरूच्या ढगांत एक यंत्र सोडलं होतं. पॅराशूटला लटकून ते खाली जात राहिलं, जवळजवळ तासभर खबर पाठवत राहिलं, आणि मग गप्प झालं. शेजारी संचिताने पेन्सिलीने लिहिलंय, बिचारं. मी विचार करतो, ते गप्प झालं तेव्हा वरच्यांनी काय केलं असेल? त्यांच्या हातात दोर नव्हता.

माझ्या हातात असायचा. कंपनीत टाकी धुवायला माणूस आत उतरला की वर तोंडाशी मी बसायचो. फोरमन म्हणायचा, याच्याइतका घाबरट माणूस कंपनीत दुसरा नाही, दोर यालाच द्या. नियम साधा होता. दर दोन मिनिटांनी वरच्याने एकदा ओढायचं. आतल्याने एकदा ओढलं तर ठीक आहे, दोनदा ओढलं तर वर घ्या. काहीच आलं नाही तर विचारत बसायचं नाही, माणसांना हाक मारून खेचायचं. आणि काही झालं तरी वरच्याने आत उडी मारायची नाही. एकदा आत उतरलेल्या पंढरीकडून उत्तर आलं नाही. आम्ही तिघांनी त्याला खेचून काढला. टाकीच्या तोंडाशी त्याचं डोकं आपटलं. त्याला काहीही झालेलं नव्हतं, दोर पायाखाली अडकला होता. दौलत, तुझ्या भीतीपायी माझं टाळकं फुटणार एक दिवस, असं म्हणून त्याने मला आईवरून शिव्या घातल्या. आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी टाकीत उतरायच्या वेळी म्हणाला, दोर दौल्याकडेच द्या.

आता जे लिहायला हात होत नाही ते लिहितो. गेल्या बुधवारी सकाळी अकराला मी खोपटच्या एसटी डेपोत तुला पाहिलं. कल्याणच्या क्लासमध्ये पोरांना भौतिकशास्त्र शिकवायच्या वेळी तू बाकावर बसला होतास, मांडीवर बॅग, डबा न उघडलेला. गाड्या लागत होत्या, सुटत होत्या, तू मान वर करत नव्हतास. मी खांबाआड उभा राहिलो. जवळ येऊन बसायला हवं होतं. चहा तरी विचारायला हवा होता. मी घाबरलो आणि नीरजाला फोन केला. तिने क्लासला केला. चार महिन्यांपूर्वीच तुला काढलंय हे एका दुपारीत सगळ्यांना कळलं, आणि संध्याकाळी तू ही कडी लावलीस. मी तुला विचारल्याशिवाय खेचलं रे. डोकं आपटलं तुझं. हे माझ्याकडून झालं.

मघाशी आत खुर्ची सरकली, तेवढ्यावर मी जीव धरून आहे. पण कालपासून दाराबाहेर ठेवलेल्या ताटाला हात लागलेला नाही. नीरजाने सुताराला बोलावलंय, तो जिन्यात विडी ओढत उभा आहे. मी तिच्याकडे एक तास मागून घेतलाय. वहीच्या शेवटी तू लिहिलंयस की गुरूवर उतरता येणार नाही, पण त्याच्या एखाद्या लांबच्या चंद्रावर, कठीण बर्फावर, माणूस कधीतरी उभा राहू शकेल आणि तिथून त्याच्याकडे बघू शकेल. मला तेवढं जमेल. मी इथेच आहे, तुझ्या दाराबाहेर, प्लॅस्टिकच्या स्टुलावर.

या कागदाबरोबर दाराखालून सुतळी येईल. दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधलंय. एकदा ओढलंस तर मी समजेन, आहेस. सुताराला चहा देऊ आणि मी बसून राहीन, काही विचारणार नाही. दोनदा ओढलंस तर कडी तू काढ. नीरजाने संध्याकाळची डॉक्टरांची वेळ घेतलीय, मी बरोबर येईन, रिक्षातही बोलणार नाही. काहीच आलं नाही तर कडी तुटेल. मग तू मला शिव्या घाल, आठ दिवस बोलू नकोस, चालेल. नवव्या दिवसापर्यंत मी थांबेन.

कागद सरकवतो. मग एकदा ओढतो.

तुझाच घाबरट,
आप्पा