प्रौढांचे सिनेमे

शुक्र. ११ जाने. २००२, अबुधाबी

नातीला बघायला येणाऱ्यांत सगळ्यांच्या आधी मुलाची आत्या टपकली. बाकी मंडळी अजून गावाबाहेरच्या मुसफ्फाहून निघायचीत आणि ही दारात. "सहज लवकर आले." सहज कसली, घर हुंगायला. बाथरूमसुद्धा बघून आली. साडी मात्र छान, अंजिरी. मला तो रंग कधी मिळालाच नाही.

मग मुलगा आणि आईबाप. नात माझी, अनघा, लंडनला शिकते, महिनाभर घरी आलीये. तेवढ्यात बघण्याचा कार्यक्रम उरकायचा हा तिच्या बापाचा, म्हणजे आमच्या सुधाकरचा बेत. पोरीला विचारलं नाही, नुसतं सांगितलं.

आत्याने विचारलं, पोरगी काय शिकते? घरचे सगळे पोह्यांकडे बघायला लागले. मला राहवेना. म्हटलं, फ्रेंच लोकांचे अ‍ॅडल्ट सिनेमे, मोठा निबंध लिहितेय त्यावर. मुलाच्या बापाला चहाचा ठसका लागला.

आता मला काय ठाऊक. चिपळूणला आमच्या प्रौढ वर्गाला बाई अ‍ॅडल्ट क्लास म्हणायच्या. तिथेच तर लिहायला शिकले, पन्नाशीला. वाटलं, तसेच म्हाताऱ्यांचे सिनेमे असतील. काशीयात्रा वगैरे.

शनि. १२

अनघा हसून हसून लोळली. मग नीट सांगितलं. कपडे काढायचे सिनेमे. पण तिचा निबंध, त्यात बाईला कोणी विचारतं का, यावर. एका सिनेमात मालक आणि मोलकरीण. ती काहीच बोलत नाही, आणि सिनेमा म्हणतो, बघा, तिलाही हवंय. शूटिंगवरही तेच. नटीला आधी सांगत नाहीत काय करायचंय. कॅमेरा चालू, दिग्दर्शक मोठा माणूस, नाही कोण म्हणणार?

"शी सेड येस टू द फिल्म, आजी. नॉट टू दॅट."

म्हटलं, अगं, कामाला हो म्हणजे अंगाला हो नव्हे, हे आमच्याकडे भाताच्या लावणीला येणाऱ्या बायांनाही कळायचं.

"एक्झॅक्टली."

सोम. १४

संक्रांत. इथले तीळ जरा कडूच. सुधाकर फणफणत आला. मुलाकडचे म्हणतात पोरगी पसंत, पण निबंधाचा विषय बदला. आत्या म्हणे ताजमहालावर लिहू दे.

सुधाकरचं ठरलेलंच. "खलास, विषय संपला, बदलेल ती. आणि त्या दिवशी गप्पच होती ना? म्हणजे तिचा होकार आहे."

मौन म्हणजे संमती. भटजीपण म्हणतात. मला बघायला आले तेव्हा मीही खाली बघत होते, कारण मान वर केली की आई चिमटा काढायची. बाबा म्हणाले, लाजली, म्हणजे पसंत. अनघाचे आजोबा माणूस चांगला निघाला, ते माझं नशीब. पण उत्तर माझं नव्हतंच की.

सुधाकरला म्हटलं, तुझा सिनेमा आणि त्या फ्रेंचवाल्याचा एकच रे. फक्त तुझ्यात साड्या आहेत.

"आई, प्लीज."

सून पाठमोरी लाडू वळत होती. खांदे हलत होते. हसत होती मेली.

बुध. १६

निबंध चालूच. बाप बोलत नाही लेकीशी. ती पण त्याचीच लेक. मी मधे बसून दोघांना लाडू देते.

मुलगा कसा वाटला विचारलं. "डोन्ट नो, आजी. ही डिडन्ट से अ वर्ड आयदर."

खरंच की. त्यालाही कोणी विचारलेलं नाही. नुसता पोहे उपसत होता बिचारा.

गुरु. १७

मुलाच्या आईचा फोन. मीच उचलला, सुधाकर अंघोळीत होता, बरं झालं. म्हटलं, या की. विषय काही बदलणार नाही. आणि ह्या खेपेला आमची पोरगी बोलेल, तुमचा पोरगा बोलेल. आत्याबाई आणि मी तोंडात लाडू धरून बसू. पोरगी गप्प राहिली तर त्याचा अर्थ 'नाही' असा धरायचा.

पलीकडे सगळं शांत. म्हटलं, अहो, हे गप्प म्हणजे काय समजू मी?

तेव्हा हसल्या. मग म्हणाल्या, इन्शाल्ला. इथे त्याचा अर्थ हो पण होतो, नाही पण होतो. म्हटलं, तसं नको, दिवस सांगा.

पुढच्या शुक्रवारी येतो म्हणाल्यात, दुपारच्या, अस्रच्या बांगेनंतर.