आत्याची तबकडी वाजली, त्याची हकीकत

तीर्थरूप ताई,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजवा गळ्यात बांधलेला आहे, तेव्हा तो मनातल्या मनात जोडला असं समज. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस.) तुझी पाठ कशी आहे? दाजींचा खोकला? आम्ही इकडे ठीक. म्हणजे पडलो, पण ठीक.

त्याचं झालं असं. आत्याने सत्तरच्या दशकात सोल-जॅझची जी एकुलती एक तबकडी गायली (जिच्यापायी आजोबांनी अबोला धरला आणि जी दुकानदारांनी महिनाभरात परत पाठवली) ती आता कुठल्याशा कंपनीने नव्याने काढली आणि एक प्रत घरी आली. प्रत आली, पण वाजवायची कशावर? खालच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांकडे यंत्र होतं. ते वर आणताना जिन्यात मी यंत्र वाचवलं आणि कोपर गमावलं. घशाच्या ऑपरेशनपासून आत्या टेबलावर टिचक्या मारून बोलते, हे तुला ठाऊक आहेच. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे तू गाढव आहेस. त्या दिवशी तीन-तीनच पडत होत्या, कारण मी तबकडी भलत्याच वेगावर लावली आणि आत्या शेपटीवर पाय पडलेल्या मांजरीसारखी गाऊ लागली.

तेवढ्यात तिचे तेव्हाचे ड्रमवाले आले. (आत्यानेच मला त्यांच्या सुनेकडे निरोप द्यायला लावला होता.) ते ठार बहिरे झालेत, हे मला दारातच कळलं. "बसा" म्हटलं तर "नको, घरून पिऊन आलो" म्हणाले. मग आत्यासमोर बसून केवढ्याने तरी ओरडले, "बोलत का नाहीस? अजून राग आहे?" आत्याने टेबलावर दोनदा टिचकी मारली. त्यांना कुठली ऐकू जायला! तेव्हा तिने त्यांचा हात ओढला आणि तळव्यावर दोनदा मारली. म्हाताऱ्याने तळवा मिटून घेतला. राग कसला होता ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

मग तबकडी नीट लागली. काय आवाज होता गं तिचा! ती नुसते ओठ हलवत होती आणि ते ओठांकडे बघत गुडघ्यांवर ताल धरत होते. शेवटचं गाणं हळूहळू विरत संपतं. ते विरलं, सुई खरखरू लागली, तरी दोघं थांबेनात. तबकडीवर न आलेलं पुढचं गाणं त्यांचं चालूच होतं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी सुई उचलली नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. डॉक्टरांनी (दाताच्या नव्हे, आत्याच्या) परवा मला बाजूला घेतलं. आता उपाय नाही म्हणाले. तू ये. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं, हात वळेना.

आणखी ता. क. येताना एक गादी आण. ड्रमवाले अजून गेलेले नाहीत. बाहेरच्या खोलीत झोपतात आणि असे घोरतात की खालचे डॉक्टर तक्रार घेऊन आले. मी त्यांना कुशीवर वळवायला निघालो, तर आत्याने माझा सदरा धरून मला खाली बसवलं. तिला ते ऐकायचं असतं.