पुडीतली हळद

आदिलाबाद,
१४ नोव्हेंबर १९८९

माय,

नमस्कार. मी बरी हाय. तूही बरीच असशील. घोळ करणारे बरेच असतात, निस्तरणारे आजारी पडतात.

रविवारी जैनथले काऊन आली नाई म्हणून तू कंडक्टरासंगं निरोप पाठवला. मुद्दाम आली नाई. आली असती तर भांडण झालं असतं, अन् शेजारच्या वच्छलाकाकूनं भिंतीले कान लावून ऐकलं असतं. म्हणून लिहून राह्यली.

एकच विचारते. माझ्या पुडीले हात काऊन लावला?

बेज्जूरच्या जंगलात अंगाले गोचिडं लावून घेत, झाडांच्या सालीवरून ते दगडफूल मी खरवडून त्या पुडीत आणलं होतं. तुले हज्जारदा सांगितलं, हे मसाल्यातलं नाई, कॉलेजचं हाय, याले फुंकरसुद्धा मारू नको. हैदराबादच्या त्या मोठ्या मशीनवर नंबर लागाले वर्ष गेलं, माय. त्या मशीनीत उजेडाच्या जागी इलेक्ट्रॉन असतात. मोहरीएवढा तुकडा वावराएवढा दिसते. पण रंग दिसत नाई, सारं काळं-पांढरं. अन् तुकडे मुळातलेच पिवळसर, म्हणून त्यावर काही लागलेलं आधीही कोणाच्या ध्यानात आलं नाई.

पडद्यावर पाहतो तं दगडफुलाच्या जाळीत जिकडंतिकडं लांबट, गुळगुळीत कण! तिथले नरसिंहम सर खुर्चीतून उठलेच. "कोत्तदी, अम्मा, कोत्तदी!" नवीन हाय म्हणे, असा सूक्ष्मजीव दगडफुलावर कोणी पाह्यलाच नाई. भराभर फोटो काढले, बाजूच्या प्रोफेसरांले बोलावलं, अन् मले म्हणाले, पीएच.डी. माझ्याकडंच कर, जागा देतो. मी पेढे वाटले, माय, पेढे!

आदिलाबादले येऊन रिकामी पुडी उलगडली, तं आतल्या घडीवर कुंकवाचं बोट. बाजूले पिवळी धूळ. कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. हळद! आपल्या डब्यातली, तू घरी कांडलेली हळद! हाच सरांचा नवा जीव.

गप बसावं असंही वाटलं, खोटं काऊन सांगू. जागा तं मिळालीच होती. पण उद्या दुसऱ्या कोणी ओळखलं असतं तं सरांचं नाव गेलं असतं अन् माझंही. फोन लावला अन् सांगून टाकलं. सर म्हणाले, "फोटो फाडतो. नवीन तुकडे आणा, मंग जागेचं पाहू. मंगळवारचा माझा नंबर देतो, हा शेवटचा."

दिवसभर तुझ्यावर चरफडत होती. दगडफुलाचा देव केला काय मायनं? पूजाच करायची होती तं बासरले जाऊन सरस्वतीपुढं नारळ फोडायचा होता!

मंग जेवाले बसली अन् ध्यानात आलं. बापू वारल्यापासून तू कुंकवाच्या करंड्याले हात तरी लावते काय?

मी हैदराबादले निघाली, तवा काकूनं मले कुंकू लावलं, हातावर दही ठेवलं. तू आतच होती. दूध उतू जाईल म्हणे. म्हैस तं तवा आटलेली होती, माय. मले माहीत होतं. तरी मी ऑटोत बसली.

लेकीच्या कपाळाले लावायचं ते चोरून पुडीले लावलं! अशी कशी वं तू? कोणाले भ्याली? त्या काकूले? माझं वर्षभराचं काम वाया गेलं, त्याचा राग अजून हायच. पण याचा जास्त हाय.

शनिवारी येते. परत बेज्जूरहून आणलेले नवे तुकडे माझ्या पेटीत कुलपात राहतील, किल्ली मागू नको. करंडा मात्र काढून ठेव. सोमवारी हैदराबादले निघताना साऱ्या आळीदेखत मी दारात उभी राहीन. तू बाहेर येऊन आपल्या हातानं कुंकू लावशील, तवाच मी ऑटोत बसीन. नाई आली, तं जाऊ दे तो नंबर.

तोवर कोऱ्या कपाळाची,
तुझी सुभद्रा