वास नसलेला गोंद

संगमनेर

प्रिय दया,
प्रभूच्या दयेने मी बरा आहे, तुझंही बरं चाललं असेल.

गोंदाच्या वासाने खोकला होतो, म्हणून काम सोडून बेलापूरला घरी या, असं म्हणतेस. पण डेअरीच्या गार पाइपांवर थर्माकोल बसवून वर कापड चिकटवायला आता पाण्याचा पांढरा गोंद आलाय. त्याने डोकं दुखत नाही.

जुन्या गोंदाचा वास गेला की तो वाळला, एवढंच मला ठाऊक. याला वासच नाही! ओल्यावरच गोंदाचा दुसरा हात मारला आणि सगळं कापड घसरलं. मला वाटलं, आता कामावरून काढून टाकतात. मिस्त्री अमजदभाई हसले, "यशयाबाबा, नाकाला सुट्टी द्या, हात लावून बघा."

खोकला आहे, पण रात्रीचाच. तुझे गुडघे कसे आहेत?

नाताळला येईन तेव्हा माझ्या सदऱ्याचा वास घेऊन बघ. मग काम सोडायचं का, ते तूच सांग.

तुझी काळजी करणारा,
यशया