झऱ्याचे वीस गुंठे

कोळवण, १४ जुलै २०२५

ती. अक्कास चंद्रकांतचा सा. न. वि. वि.

माझा फोन लागत नाही म्हणून घाबरली असशील. मोबाईल मी नसीरच्या लेकीला, अलमासला देऊन टाकला. तिला कॉलेजच्या अभ्यासाला हवा होता. पौडला चातुर्मासासाठी साध्वीजी आल्या आहेत. त्यांच्यापुढे मी परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतलं, म्हणजे आपल्यापाशी किती असावं याची मर्यादा आपणच लिहून द्यायची. माझी यादी अशी: घर एक, जमीन दोन एकर, कपड्यांचे चार जोड, भांडी अकरा. त्यापलीकडचं माझं नाही.

अडचण एकच. झऱ्याचे वीस गुंठे मर्यादेबाहेर जातात. ते बक्षीसपत्राने तुझ्या नावे करतो. अठ्ठावीसला पौडच्या कचेरीत सहीला ये. आधार कार्ड आणि दोन फोटो आण. हे पत्र नसीर जीपने पौडला येईल तेव्हा पुढे भुकूमपर्यंत पोचवेल. गुडघ्याला तेल लावतेस ना?

माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा,
चंद्रकांत


भुकूम, १८ जुलै

चि. चंद्रकांत यास अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. पाकीट उघडून पुन्हा चिकटवल्यासारखं दिसत होतं, तेवढं नसीरला विचार.

बक्षीस मिळतंय म्हणून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाबा गेल्यावर, एकतीस वर्षांपूर्वी, त्याच कचेरीत तू माझी हक्कसोडपत्रावर सही घेतलीस आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजलास. तेव्हापासून मी झऱ्याचं नाव काढलं की तू विषय बदलतोस. आता तोच झरा आपणहून देतोस. मग मी कुठे फसतेय ते आधी बघायला नको?

तर मला सांग, व्रत किती दिवसांचं? ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या मुलाला, अमोघला हे माहीत आहे का? तो इतकी वर्षं ती जागा विकायला निघालाय. आणि पाण्याची गरज खाली नसीरच्या भाताला आहे, मग त्याला का नाही देत? इथे चौथ्या मजल्यावर बसून मी झऱ्याचं काय करू?

शिवाय भांडी अकरा म्हणतोस, ती मी दिलेला कुकर धरून की सोडून?

उत्तर सविस्तर दे. रागावू नकोस, पण टाळूही नकोस.

तुझी अक्का,
नलिनी


कोळवण, २२ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पाकीट नसीरने उघडलेलं नाही, ते पावसाने सुटलं होतं. तो म्हणाला, आक्का लई संशयी हायेत, पर सहीला आणायचं भाडं म्या घेनार न्हाई. कुकर धरलेला आहे.

आपल्या खोऱ्याकडे बघ. शहरातल्या लोकांनी फार्महाउसं घेतली, एकेकाने दोन-दोन बोअर मारले. येतात वर्षातून चार दिवस. बाकीचे दिवस पाणी कुंपणाआड, आणि एप्रिलमध्ये खालच्या वाडीतल्या बायका टँकरची वाट बघत उभ्या. साध्वीजी म्हणाल्या, मला किती पुरे हे प्रत्येकाने आधी ठरवलं, तर दुसऱ्याला मागावं लागणार नाही. मला ते पटलं.

बाकीचं समक्ष बोलू. छत्री आण.

आशीर्वाद असू दे.

चंद्रकांत


भुकूम, १२ ऑगस्ट

चि. चंद्रकांत यास अ. आ.

समक्ष बोलणार होतास. सही झाल्यावर पुन्हा उसाचा रस तेवढा पाजलास.

परवा अमोघचा फोन आला. बोलता बोलता सांगून गेला, की फार्महाउसवाल्या गिऱ्हाइकाला तू कार्तिक पौर्णिमेनंतर बोलावलंयस. चातुर्मास त्याच दिवशी संपतो, एवढं मलाही कळतं. म्हणजे व्रत चार महिन्यांचं, आणि तोवर झरा ठेवायला मी कपाट. पुढे माझी आणखी एक सही, आणखी एक ग्लास रस.

काल तू साध्वीजींच्या व्याख्यानाला गेला असताना मी कोळवणला येऊन गेले. झऱ्याच्या फाटकाला कुलूप होतं. जमीन दिलीस, किल्ली दिली नाहीस. नसीर म्हणाला, शेठ आले की मागू. मी म्हटलं, माझ्याच फाटकाची किल्ली मी का मागू? तो कुलपाला हात लावेना, तेव्हा मीच दगड घेतला. चौथ्या घावाला तुटलं. गुडघा ठीक आहे.

आज कचेरीत जाऊन नसीरला आणि खालच्या तीन घरांना झऱ्याचं पाणी नेण्याचा कायमचा हक्क लिहून दिला. तुझं गिऱ्हाईक आता त्या जागेकडे फिरकणार नाही. तुला राग येईल. आला, की कुणाच्या जमिनीसाठी येतोय ते स्वतःला विचार.

माझी माया कमी झालेली नाही. विश्वासाचं नंतर बघू.

अक्का


कोळवण, २८ ऑगस्ट

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

राग आला. आठ दिवस टिकला. साध्वीजींना सांगितलं, की बहिणीने माझ्या जमिनीचं वाटोळं केलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की कुणाच्या जमिनीचं? तुमच्या दोघींचा प्रश्न एकच निघाला. तू त्यांना आधी जाऊन भेटलीस की काय, अशी शंका मला आली. नसीरला तसं विचारलं, तर तो म्हणाला, शेठ, संशय तुमच्या घरातलाच हाय, दोघं भावंडं वाटून घ्या.

तू ओळखलंस ते खरं आहे. मी चार महिन्यांपुरतंच लिहून दिलं होतं. कागदावर अपरिग्रही राहायचं आणि मग झरा विकून अमोघला हिंजवडीत फ्लॅट घेऊन द्यायचा, असा बेत होता. आता तो माझ्याशी बोलत नाही. बोलेल, किंवा नाही बोलणार.

काल संवत्सरी झाली, वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस. प्रतिक्रमणासाठी कपडे बदलताना सदऱ्यातून फाटकाची किल्ली खाली पडली. कुलूप तुटून पंधरा दिवस झाले, तरी रोज मी ती उतरवलेल्या सदऱ्यातून काढून धुतलेल्या सदऱ्यात घालत होतो. चार जोड कपडे, अकरा भांडी, सगळं मोजून लिहिलं होतं. किल्ली त्या यादीत कुठेच नव्हती.

सोबत पाठवतोय. उपयोगाची नाही, पण तुझी आहे. त्या पहिल्या उसाच्या रसाबद्दलही, मिच्छामि दुक्कडम्.

रागावली असलीस तरी पत्र लिहीत जा.

तुझा,
चंदू

ता. क. किल्ली पडू नये म्हणून ती कागदाला दोऱ्याने बांधली आहे. पाकीट मुद्दामच चिकटवलेलं नाही. नसीरने वाचलं तर वाचू दे.