पावसाच्या प्रार्थनेत मी जे बोललो

११ मार्च, शुक्र.
काल याकोबमास्तरांच्या घरी उपवासकाळातली गुरुवारची प्रार्थना. विषय पाऊस. दोन पावसाळे कोरडे गेलेत. सुरुवातीलाच मास्तरांनी गोड बातमी सांगितली. त्यांच्या मुलीची, सुनंदाची सोयरीक देगलूरच्या कंपाउंडरशी ठरली, ईस्टरनंतर साखरपुडा. माझं डोकं फिरलं.

कुणीही उठून प्रार्थना करावी अशी रीत. डोळे मिटून बोलणाऱ्याला आमच्यात कोणी अडवत नाही. उठलो. "प्रभो, या घरानं वचन मोडलं म्हणून तू आभाळ बंद केलंस. नांदेडच्या घाटावर सुनंदानं मला दिलेलं वचन तुला ठाऊक आहे."

सगळे आमेन म्हणाले, सवयीनं. मग एकेकाचे डोळे उघडले.

बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू.

१३ मार्च, रवि.
देगलूरकरांनी नकार कळवला. चर्चच्या पायरीवर दोघी बाया एकमेकींना, "दाविदच्या प्रार्थनेत ताकद हाय बगा." ऐकून छाती फुगली. सु. गायनात नव्हती. आई घरापर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालली.

१५ मार्च, मंगळ.
कचेरी. लातूर जिल्हा नवा, पण दप्तर उस्मानाबादहून ट्रकने येतं ते जुनं, वाळवी लागलेलं. मी रोजंदारीवर गठ्ठे झटकतो, दुपारून टँकरच्या खेपा वहीत चढवतो. हेडक्लार्क आप्पा उदगीरचे, गळ्यात लिंग, तोंडात पान. त्यांच्यापर्यंत बातमी गेलीच.
"काय रे पाद्री, पाऊस मागायला गेला अन् सोयरीक मोडून आला?"
मी हसलो.
"हसून काय राहिला? त्या पोरीला मास्तरनं शिक्षणातून काढलं म्हणे. माझी बायको सांगत होती, नळावर ऐकलं तिनं."

नांदेडला नर्सिंगचं तिसरं वर्ष. मे महिन्यात शेवटची परीक्षा. सुट्टीला आली होती, परत जायची होती. मास्तर म्हणाले म्हणे, पोरगी घाटावर वचनं देत फिरणार असेल तर शिक्षण पुरे.

टँकरच्या वहीत औशाच्या खेपा किल्लारीपुढे मांडल्या. आप्पा ओरडले. बरोबर ओरडले.

१६ मार्च
घाटावर कसलं वचन. सु. एवढंच म्हणाली, "दाविद, मला परीक्षा द्यायचीय. तू पण तुझी दे. माझ्या मागं येत जाऊ नको." तीन वाक्यं. त्या रागात मी आठ दिवसांत नांदेडचं कॉलेज सोडून लातूरला आलो, आणि सगळ्यांना सांगितलं, तिथले प्राध्यापक नालायक आहेत.

खोटं कुणालाही बोललो असतो. पण डोळे मिटून, त्याला 'तुला ठाऊक आहे' म्हणून...

१८ मार्च, शुक्र.
नळ तीन दिवसांआड. आई राखेनं कोरडी भांडी घासते, वरून वाटीभर पाणी फिरवते. लहानपणापासून बघतोय, एकेका भांड्याला एकेका माणसाचं नाव घेऊन पुटपुटते. आज विचारलं.
"याकोबमास्तर कोणत्या भांड्याला?"
"तव्याला. लई घासावा लागतो."
"अन् मी?"
"तुझं झाल्याबिगर हात धुत न्हाई मी."
मग माझ्याकडे न बघता, "त्या लेकराचं बी घेते हल्ली. दोनदा." सु.चं.

चर्चमध्ये आई कधी उठून प्रार्थना करत नाही. म्हणते, मला बोलता येत न्हाई.

२१ मार्च, सोम.
आईचं बघून करायला गेलो. गठ्ठा झटकायचा, नाव घ्यायचं. मास्तरांचं घेतलं की पुढे शिवीच यायची. चौथ्या-पाचव्या गठ्ठ्याला शिवी आली नाही. नुसते मास्तर आले. शाळेत माझं बोट धरून पाटीवर 'द' गिरवून घेणारे. दुष्काळी कामावर आई जायची तेव्हा मला जेवू घालणारे. नाकातोंडात धूळ गेली असं आप्पांना सांगून बाहेर आलो.

मन शांत होतं म्हणतात. माझं तर उलट झालं. राग होता तोवर निदान झोप लागायची.

२२ मार्च
पाळकसाहेबांकडे गेलो. ते हौद खरवडत होते, तळाशी बादलीभर गाळ.
"साहेब, माझ्यासाठी प्रार्थना करा." सगळं सांगितलं.
"करीन. पण तू खोटं बोललास हे देवाला त्याच वेळी माहीत होतं. मंडळीला अजून माहीत नाही."
"तुम्ही सांगा ना त्यांना."
"वा! खोटं तू बोलायचं आणि खरं मी?" हातात खराटा दिला. "धर. तो कोपरा घे."

२४ मार्च, गुरु.
प्रार्थना सलोमीबाईंच्या घरी. बोलायचं ठरवून गेलो. दिवसभर वाक्यं जुळवली होती, चांगली झाली होती. 'मी पापी, मी पामर.' मनात म्हणून बघितली तर कंठ दाटून आला, आणि त्या दाटण्याचं मलाच कौतुक वाटलं. बसून राहिलो. मास्तर समोरच होते. पंधरा दिवसांत म्हातारे झालेत.

चहा न घेता निघालो. भित्रा.

३१ मार्च, गुरु.
प्रभुभोजनाची संध्याकाळ. पाळकसाहेब दरवर्षी विचारतात, कुणाचं कुणाशी वाकडं आहे का, असेल तर आधी मिटवा. दरवर्षी सगळे गप्प. उभा राहिलो. डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर कुणी अडवलं नसतं, आणि आज ज्याला अडवायचं त्यानं अडवावं.

"सुनंदानं मला कधीच वचन दिलं नव्हतं. मागं येऊ नको म्हणाली होती. मी प्रार्थनेत खोटं बोललो. पावसाचं नाव करून बोललो."

मागून, "बस खाली, मेल्या!" दुसरं कोणी, "अन् देगलूरची सोयरीक आता काय तुझा बाप जोडणार?" मास्तर चर्चचे पंच, भाकरीचं ताट त्यांच्या हातात. ताट खाली ठेवलं, परत उचललं. बायकांच्या बाजूला सु.नं एकदा वर बघितलं. माफी नव्हती त्यात. मी असं बघणं पहिल्यांदाच पाहिलं: तिला माझ्याकडून काहीच नको होतं.

ताट आलं तेव्हा पुढे जाऊ दिलं. भाकर घेतली नाही.

४ एप्रिल, सोम.
ईस्टर काल झाला. आई एकटीच गेली.

दुपारी मास्तर कचेरीच्या खिडकीशी. मी उठून, "सलाम, मास्तर." त्यांनी सलाम घेतला नाही. म्हणाले, "उद्या नांदेडची पहिली गाडी किती वाजता आहे? तू जायचास त्या गाडीनं."
"सहाला."
आप्पा मधेच, "कोण निघालं, गुरुजी?"
"बघू," म्हणाले आणि छत्री टेकत उन्हात गेले.

सु.चं सामान अजून तिथल्या होस्टेलवर आहे. ते आणायला मास्तर एकटे चाललेत की तिला सोडायला, कळायला मार्ग नाही. विचारायचा हक्क नाही.

वहीवर डोकं टेकून मागितलं. मोठ्यानं नाही, वाक्यं न जुळवता. तिला जाऊ दे. तिची परीक्षा होऊ दे. माझ्यापासून लांब जाऊ दे. हे शेवटचं तोंडातून निघेना, तीनदा मागं आलं. चौथ्यांदा म्हटलं.

स्टँड घरापासून दहा मिनिटांवर. उद्या सकाळी माझे पाय तिकडे वळणार, मी मला ओळखतो. नुसतं लांबून बघायचं म्हणून वळतील, आणि मग मी हाक मारीन.

प्रभो, पाच ते सहा. तेवढा एक तास मला घरात धरून ठेव.